धाकटीच्या भुवया

टोमॅटो लाल व्हायला लागले आणि विहिरीचं पाणी तळाला गेलं, हे दोन्ही एकाच आठवड्यात झालं. दरवर्षी थोड्याफार फरकानं असंच होतं, पण दरवर्षी माणसं नव्यानं चिडतात. विहीर एक, मोटर एक आणि शेत दोन भावांचं. थोरल्याचं वरच्या अंगाला, धाकट्याचं खालच्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार पाणी थोरल्याचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार धाकट्याचं. ही वाटणी त्यांच्या बापानंच घालून दिली होती. बाप हुशार होता, पण आठवड्याला सात दिवस असतात हे काही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

पाणी भरपूर होतं तोवर रविवारी विहीर आराम करायची. गेल्या उन्हाळ्यात पाणी आटलं आणि एका रविवारी पहाटे दोघे भाऊ मोटरच्या बटनापाशी एकमेकांना भेटले. काय बोलणं झालं ते गावाला ऐकू गेलं, त्यामुळे इथे सांगायची गरज नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. दर रविवारी मात्र दोघंही न चुकता विहिरीवर येऊन बसत, एक या काठाला, एक त्या काठाला. मोटर कुणीच लावत नसे. आपलं पीक सुकतंय याचं दुःख होतंच, पण दुसऱ्याचंही सुकतंय हे समोर दिसत होतं, तेवढ्यावर दोघांचा दिवस निघायचा.

घरही एकच होतं, मध्ये भिंत घातलेलं. अंगण मात्र दोघांचं मिळून, कारण अंगणात भिंत घालायची कुणी यावर एकमत झालं नव्हतं. पुरुषांनी बोलणं टाकल्यावर बायकांनाही टाकावं लागलं. पण एका अंगणात राहून न बोलता बायकांचं कसं भागणार? त्यांनी शेळीची सोय केली. थोरल्याची शेळी अंगणाच्या मधोमध बांधलेली असायची. थोरली आणि धाकटी, दोघी जावा, जे काही म्हणायचं ते शेळीला म्हणत.

“शेळीबाई,” धाकटी म्हणायची, “माझ्या दोरीवर कुणाच्या तरी चादरी आल्यात. उचलून घ्यायला सांग.”

शेळी काही सांगायची नाही, पण चादरी उचलल्या जात.

थोरल्याला एकच मुलगी. तिला घरात बारकी म्हणत. ती बापापेक्षा चार बोटं उंच झाली तरी बारकीच राहिली. सकाळी टोमॅटो तोडायचे आणि दुपारची बस धरून शहरात जायचं, असा तिचा वर्षभराचा क्रम होता. शहरात एका मॅडमचं पार्लर होतं आणि त्यातच ब्यूटीचा कोर्स चालायचा. तिथे तोंड कसं धुवायचं, कसं पुसायचं आणि कसं चोळायचं एवढंच शिकवतात, असं थोरल्याचं मत होतं.

“तोंड धुवायला मी चौथ्या वर्षी शिकलो,” तो म्हणायचा, “तेही फुकटात.”

“शिकलात खरे,” थोरली म्हणायची, “पण धुता कधी?”

थोरला तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं मुलीला एक संधी दिली होती, पण एकच. परीक्षा झाली की झाली. पास झाली तर मॅडम तिला पार्लरमध्ये कामाला ठेवून घेणार होत्या. नापास झाली तर गुपचूप टोमॅटोच्या पॅकिंग शेडमध्ये जायचं, पुन्हा पार्लरचं नाव काढायचं नाही. शेडमध्ये बारकीनं एक हंगाम काढला होता. दिवसभर सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं, गार पाण्यातून येणारे टोमॅटो निवडायचे, आणि पाण्यात बोटं इतकी फुगायची की घरी येऊन तिला बटन लावता येत नसे. लघवीला गेलं तरी मुकादम घड्याळ बघायचा. तिला पुन्हा तिथे जायचं नव्हतं. या एका गोष्टीसाठी ती काहीही करायला तयार होती, आणि काहीही म्हणजे खरंच काहीही करत होती.

आता हातांचंच बघा. टोमॅटोच्या झाडाला हात लागला की बोटांना हिरवट-काळा चिकटा बसतो. तो साबणानं जात नाही, राखेनं जात नाही. कोर्सच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी तिचे हात उलटेपालटे करून बघितले होते आणि म्हणाल्या होत्या, “या हातांनी तू कुणाच्या तोंडाला हात लावणार?” बाकीच्या मुली हसल्या होत्या. त्या दिवसापासून बारकी हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून टोमॅटो तोडायला लागली. पिशव्यांत घाम साठायचा, मनगटाशी रबर काचायचं, आणि वाफ्यातून तिचा सळसळ आवाज येत राहायचा.

“आली डॉक्टरीण,” थोरला म्हणायचा. “टोमॅटोला काय झालंय ते बघ गं.”

भुवया करण्यात बारकीचा हात चांगला बसला होता. दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं, दुसरं बोटांवर घ्यायचं, मध्ये पीळ द्यायचा. तो पीळ कातडीवरून पुढेमागे सरकला की केस मुळासकट येतो. ऐकायला सोपं आहे. पण हात बसेपर्यंत कुणाच्या तरी भुवया लागतात, आणि त्या आधी घरच्यांच्या लागतात. पहिल्याच दिवशी थोरलीची डावी भुवई निम्मी झाली. ती परत वाढेपर्यंत थोरली एका बाजूनं सतत दचकलेली दिसत होती. दुकानात गेली की दुकानदार घाबरून विचारायचा, “महाग वाटलं का?” आणि दोनदा तर त्यानं आपणहून भाव उतरवला.

आईनंतर शेजारीण झाली, शेजारणीची सून झाली, सुनेची बहीण आली होती तिच्याही झाल्या. दूधवाली, शिंपीण, शाळेतल्या बाई, कुणी सुटलं नाही. बारकी अंगणात स्टूल टाकायची आणि गल्लीतल्या बायका संध्याकाळी रांगेनं बसायच्या. सायकल दुरुस्त करणारा पैज हरला, तर त्याच्याही केल्या. वर्षभरात गल्लीतल्या सगळ्या बायका नीटनेटक्या आणि जराशा रागावलेल्या दिसायला लागल्या.

राहिली फक्त धाकटी. तिच्या भुवया काळ्याभोर, दाट, आणि नाकाच्या मुळाशी एकमेकींना येऊन मिळालेल्या. घरातल्या माणसांत नसलेला एकोपा तिच्या भुवयांत होता. पण ती स्टुलावर येऊन बसणार कशी? ती आपल्या दारात उभी राहून तांदूळ निवडायची आणि रांगेकडे पाठ करायची. निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडायची, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

परीक्षेचा नियम असा होता की आपलं गिऱ्हाईक आपणच आणायचं. बाई पाहिजे, आणि तिच्या भुवया भरपूर वाढलेल्या पाहिजेत, नाहीतर परीक्षक बाईंना काम काय दिसणार? बारकीनं याची तजवीज आधीच केली होती. तिच्या मावशीनं पाण्याला जपावं तशा भुवया जपून ठेवल्या होत्या. महिनोन्‌महिने दोरा लावू दिला नव्हता. परीक्षा रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी मावशी पिशवी घेऊन बसमधून उतरली.

बारकी टोमॅटोच्या क्रेट रचत होती. तिनं वर बघितलं आणि हातातली क्रेट खाली ठेवली.

“मावशी,” ती म्हणाली, “हे काय केलंस?”

“कशा झाल्यात?” मावशीनं तोंड उजेडाकडे केलं. “म्हटलं, शहरात जायचं, परीक्षक बाया जवळून बघणार. असं जंगल घेऊन गेले असते तर तुझीच शोभा झाली असती. म्हणून येताना आमच्या इथल्या पार्लरात करून घेतल्या.”

भुवया खरोखर छान झाल्या होत्या. बारीक, कमानदार, एकही केस जास्त नाही. बारकीनं त्या नीट बघितल्या, म्हणाली, “छान झाल्यात,” आणि क्रेटवर बसून रडायला लागली.

काय झालं ते कळल्यावर मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. “पेन्सिलीनं काढता येतील का गं?” तिनं विचारलं. मग म्हणाली, “परवापर्यंत थोड्या तरी येतील. तेल चोळू का?” तिनं खरंच तेल चोळलं, आणि ते डोळ्यांत जाऊन तीही रडायला लागली.

शनिवारी सकाळपासून मायलेकी आणि मावशी गल्लीत फिरल्या. प्रत्येक दारात गेल्यावर आधी कपाळाकडे बघायचं आणि मग निमूट पुढे जायचं. शेजारणीच्या नुकत्याच झाल्या होत्या. सुनेच्या परवाच. शाळेतल्या बाई म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात सांगितलं असतंस तर दिल्या असत्या.” सायकलवाल्याच्या मस्त वाढल्या होत्या, पण त्याचा काय उपयोग? बारकीनं आपल्याच हातानं सगळी गल्ली साफ करून ठेवली होती. स्वतःच्या कामाचा असा राग तिला याआधी कधी आला नव्हता.

तिघी अंगणात परतल्या तेव्हा धाकटी दोरीवर कपडे वाळत घालत होती. ऊन तोंडावर होतं, कपाळ आक्रसलेलं होतं, आणि कपाळाखाली ती दाट काळी ओळ या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत सरळ गेली होती. थोरली थांबली. मावशी थांबली. बारकी तर पुतळ्यासारखी उभी राहिली. धाकटीला वाटलं कपाळाला काही लागलंय. तिनं बाहीनं कपाळ पुसलं.

थोरलीनं शेळीच्या पाठीवर हात ठेवला. “शेळीबाई, उद्या शहरात यायला कुणाला सवड आहे का, विचार बरं.”

धाकटीनं एक कपडा झटकला. “शेळीबाई, शहरात हिंडायला इथे कोण रिकामं बसलंय?”

“हिंडायचं नाही. खुर्चीत पडून राहायचं आहे.”

“पडून काय करायचं?”

“बारकी भुवया करेल. तिची परीक्षा आहे.”

धाकटीनं दुसरा कपडा उचलला, तोही झटकला, आणि तो कोरडा होता हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तिनं पहिल्यांदाच शेळीच्या डोक्यावरून थोरलीकडे बघितलं.

“रविवार द्या,” ती म्हणाली.

“कसला रविवार?”

“पाण्याचा. रविवार आम्हाला द्या, भुवया घेऊन जा.”

जेवताना थोरलीनं हे नवऱ्याला सांगितलं. थोरल्याचा घास हातातच राहिला.

“दोन भुवयांसाठी विहीर देऊ?”

“विहीर नाही. रविवार.”

“रविवार म्हणजे विहीरच झाली की! आज एक रविवार मागितला, उद्या नाक पुढे करून सोमवार मागतील.” त्यानं घास खाली ठेवला. “सायकलवाल्याच्या वाढल्यात ना? त्याला झगा घाला.”

“त्याला मिशा आहेत,” मावशी म्हणाली.

“मिशा काढायलाही शिकवतात ना तिथं?”

मावशी हसली. थोरलीही हसली. बारकी हसली नाही. ती ताटाकडे बघत म्हणाली, “राहू दे बाबा. सोमवारी शेडमध्ये जाते. मुकादम ओळखीचा आहे.”

तिनं हे चिडून म्हटलं असतं तर थोरल्यानं तिच्यावर चिडून उत्तर दिलं असतं आणि विषय संपला असता. पण ती साधंच बोलली. थोरल्याला शेडच्या दिवसांतली तिची बोटं आठवली. रोज संध्याकाळी ती मुकाट्यानं हात पुढे करायची आणि तो तिची बटनं काढून द्यायचा, एवढ्या मोठ्या मुलीची. तेव्हाही तिनं तक्रार केली नव्हती. त्याला तिचं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो नेहमी ओरडायचा.

“एकच रविवार!” तो ओरडला. “दिवस मावळेपर्यंत! पुढे एक थेंब नाही. सांगा तिला.”

खरं सांगायचं तर रविवारचा पहारा देऊन देऊन त्याची कंबर धरली होती. पण हे त्यानं कुणाला कळू दिलं नाही.

धाकटीला निरोप गेला. तिनं एकाच रविवारावर मान्य केलं, आणि फार चटकन मान्य केलं. थोरलीला याचं जरा नवल वाटलं.

रविवारी सकाळच्या बसनं काकू-पुतणी निघाल्या. धाकटीनं ठेवणीतले कपडे घातले होते आणि केस इतके ताणून बांधले होते की डोळे तिरके झाले होते. खिडकीजवळची जागा तिनं पकडली. बस सुटल्यावर बारकी म्हणाली, “काकू, धूळ येईल, काच लावू का?” धाकटी काही बोलली नाही. शेळी सोबत नव्हती, त्यामुळे दोघींची मोठीच अडचण झाली होती.

मॅडमच्या पार्लरमध्ये भिंतीला लांब आरसे होते आणि समोर मागे रेलणाऱ्या खुर्च्या. परीक्षा देणाऱ्या मुली पांढरे एप्रन घालून आपापल्या खुर्चीमागे उभ्या होत्या. परीक्षक बाई बाहेरून आल्या होत्या. अंगानं बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चेहरा असा की कुठल्याच गोष्टीनं खूश होण्याची सवय नसावी. त्या पहिल्या खुर्चीपासून सगळ्यांचे हात बघत आल्या. बारकीपाशी थांबल्या.

“अंगठ्याला हे काय?”

“टोमॅटो,” बारकी म्हणाली.

“जेवून हात धुतला नाहीस?”

“खाल्लेला नाही बाई. तोडलेला.”

मागे कुणीतरी हसलं. बाईंनी बोटानं बेसिन दाखवलं. बारकी सगळ्यांसमोर बेसिनशी जाऊन अंगठा घासत उभी राहिली. डाग नखाच्या कडेला होता, चामडी लाल झाली तरी तो तिथेच राहिला. ती परत आली तेव्हा तिचे कान तापले होते आणि अंगठा मुठीत दडवलेला होता.

धाकटी खुर्चीत ऑपरेशनला निजावं तशी ताठ पडली होती. पिशवी पोटावर, पिशवीचे बंद मुठीत.

“पिशवी खाली ठेव ना काकू.”

“असू दे. तुझं काम तोंडाशी आहे.”

बारकीनं तिचा चेहरा कापसानं पुसून घेतला. कापूस काळा झाला, दुसरा घेतला, तोही झाला. उन्हानं रापलेली, वाऱ्यानं तडकलेली कातडी होती ती. बारकीनं पावडर लावली. भुवया करताना गिऱ्हाइकानं एक हात कपाळावर आणि एक पापणीवर ठेवून कातडी ताणून धरायची असते. ताण नसला तर दोरा कातडीत घुसतो आणि रक्त येतं. बारकीनं काकूचे दोन्ही हात उचलून जागेवर ठेवले, दोरा दातात धरला, आणि सुरुवात केली.

पहिल्या ओढीला धाकटीनं शिवी दिली. दुसऱ्या ओढीला जरा मोठी दिली. परीक्षक बाईंनी लांबून मान वर केली. मग धाकटीनं ओठ आवळले आणि बंद डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहायला लागलं. बारकी आता अंगठ्याचा डाग विसरली होती. काम सुरू झालं की ती नेहमीच बाकीचं विसरायची. नाकाच्या मुळाशी भेटलेल्या भुवया तिनं आधी सोडवल्या. मग डावी घेतली, वरून साफ केली, खालून कमान काढली. एवढं मन लावून तिनं आजवर कुणाचंच केलं नव्हतं. डावी पूर्ण झाली. तिनं दोरा उजवीवर नेला.

धाकटीनं दोन्ही हात काढून पोटावरच्या पिशवीवर ठेवले.

“एक रविवार कमी होतो,” ती म्हणाली.

बारकीच्या दातात दोरा होता. “म्म?” ती म्हणाली.

“एका भुवईला एक रविवार झाला. दुसरीचं काय?”

बारकीनं दोरा सोडला. “काकू, परीक्षा चाललीय,” ती कुजबुजली. “हात ठेव ना.”

“ठेवते. पुढचा रविवार बोल.”

“तो माझा आहे का द्यायला? बाबांचा आहे.”

“त्यांचा कधी झाला? अजून ठरायचाय.”

“काकू, अशी अर्धवट घरी जाशील का?”

“जाईन. रुमाल बांधीन.”

“काका काय म्हणतील?”

“त्यांना कळलं तर ना!” धाकटी म्हणाली. “इतक्या वर्षांत माझ्या तोंडाकडे कधी नीट बघितलंय त्यांनी?”

आणि इथे तिचा आवाज कसा कुणास ठाऊक, एकदम चिरकला. तिनं छताकडे बघितलं. एक डोळा कमानीखाली आणि एक झुडपाखाली, अशी ती पडून राहिली. पलीकडच्या खुर्चीवरून परीक्षक बाई इकडे यायला निघाल्या होत्या.

“रविवार गेला खड्ड्यात,” धाकटी हळूच म्हणाली. “सगळ्या गल्लीला बसवलंस स्टुलावर. त्या सायकलवाल्याला बसवलंस. मी रोज समोर दारात. मला एकदा तरी हाक मारलीस का?”

“तू बोलत नव्हतीस.”

“मोठी माणसं बोलत नव्हती. तू का गप्प बसलीस? तुला न्हाऊ घालून, वेण्या घालून मी वाढवली. माझ्या तोंडाला काय रोग झाला होता?”

बारकीच्या हातातला दोरा लोंबत राहिला. “हाक मारणार होते,” ती म्हणाली. “खूप वेळा तोंडाशी आलं. बाबा समोर असायचे, भ्यायले.” मग म्हणाली, “मला रोज कळायचं की तू बघतेस. मला फार वाईट वाटायचं काकू.”

“मग आता नाही भीत?”

“आता कशाला भिऊ? तुझं अर्धं तोंड माझ्या हातात आहे.”

धाकटी हसायला लागली. पोटावरची पिशवी हलायला लागली, आतली डबी खुळखुळायला लागली. परीक्षक बाई येऊन खुर्चीपाशी उभ्या राहिल्या.

“काय चाललंय? काम का थांबलं?”

बारकी तोंड उघडणार तेवढ्यात धाकटीनं आपणहून दोन्ही हात जागेवर नेऊन कातडी ताणून धरली. “मीच थांबवलं,” ती म्हणाली. “घरचं बोलायचं होतं. बोलून झालं. ओढ गं.”

उजवी भुवई डावीपेक्षा लवकर झाली आणि एकही शिवी न खाता झाली. मग मालिशची पाळी आली. बारकीनं तळहातावर क्रीम घेतलं, हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि काकूच्या गालांवर ठेवले. हनुवटीपासून कानापर्यंत, नाकापासून कानशिलापर्यंत, कपाळाच्या मधून बाहेर. धाकटीनं पुन्हा मुठीत आवळलेले पिशवीचे बंद सुटले. खांदे खाली आले. पिशवी घसरून जमिनीवर पडली, तरी तिचा डोळा उघडला नाही. थोड्या वेळानं तिचं तोंड जरासं उघडं पडलं आणि त्यातून आधी बारीक, मग चांगला भरघोस आवाज निघायला लागला. आरशासमोरच्या सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. एका गिऱ्हाइकानं डोळ्यांवरचा कापूस बाजूला करून विचारलं, “मशीन लावलंय का?”

शेवटी परीक्षक बाई आल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी भुवया बघितल्या, डावीकडून बघितल्या, उजवीकडून बघितल्या, बोटाच्या पेरानं माप घेतलं. चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. गिऱ्हाइकाला विचारायचा शेवटचा प्रश्न तेवढा राहिला होता. बारकीला काकूला उठवायचं धैर्य होईना. बाईंनी स्वतःच तिचा खांदा हलवला.

“अहो, ऐकलं का? कामावर समाधानी आहात का?”

धाकटीनं एक डोळा उघडला.

“होते,” ती म्हणाली. “तुम्ही उठवलंत.”

परीक्षक बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मॅडम नंतर शपथेवर सांगत होत्या की ते हसू होतं. निकाल संध्याकाळी तिथल्या तिथे सांगितला. बारकी पास होती. अंगठ्याच्या डागाचे गुण कापले होते, बाकी काही कापलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, “एक तारखेपासून कामाला ये. दाराजवळची खुर्ची तुझी.” बारकीला एकदम काही कळेना. तिनं मॅडमना नमस्कार केला, परीक्षक बाईंना केला, आणि भरात येऊन रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्याच एका गिऱ्हाइकालाही केला.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. धाकटी काचेत आपलं तोंड बघत बसली होती. काचेपलीकडे शेतं सरकत होती, कुठे हिरवी, कुठे करपलेली, आणि त्यांच्यावरून तिच्या दोन भुवया घरापर्यंत आल्या.

दिवस मावळायला आला होता. फाटकासमोरच, धाकट्याच्या वाफ्यांत पाणी चमकत होतं आणि तो चिखलात उभा राहून ते इकडून तिकडे वळवत होता. थोरला बोलल्याप्रमाणे दिवसभर विहिरीकडे फिरकला नव्हता. तो अंगणाच्या फाटकाशी उभा होता, कधीपासून ते त्यालाच माहीत. त्याच्या मागे थोरली आणि मावशी. काकू-पुतणी येताना दिसताच त्यानं सवयीप्रमाणे मान रस्त्याकडे फिरवली.

“बारके,” तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “काय झालं?”

बारकीला एकदम रडूच फुटलं. बापाला वाटलं, नापास झाली. त्याचा चेहरा पांढरा पडला. “असू दे,” तो घाईघाईनं म्हणाला, “असू दे गं. शेडमध्ये नाही पाठवत मी. बघू काहीतरी...”

“पास झाली,” धाकटी म्हणाली.

ती सरळ त्याच्याशी बोलली होती. थोरली जागच्या जागी थांबली. चिखलातून धाकट्यानंही मान वर केली.

“रस्त्यावर काय बघताय भाऊजी?” धाकटीनं बसमधून उतरताना बांधलेला रुमाल मागे सारला आणि ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “निकाल इथे आहे. बघा.”

थोरल्याला बघावं लागलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं भावजयीच्या तोंडाकडे बघितलं. ती एवढी लहान दिसत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. काहीतरी चांगलं बोलावं असं त्याच्या फार मनात आलं, पण तो शेवटी थोरलाच होता.

“डावी जरा वर गेलीय,” तो म्हणाला.

“बाबा!” बारकी ओरडली.

“डावी वर नाही गेली भाऊजी,” धाकटी म्हणाली. “तुमची मान वाकडी झालीय. वर्षभर तोंड फिरवून फिरवून.”

थोरल्यानं मान सरळ केली आणि पुन्हा बघितलं.